मोबाईलवरचं प्रशिक्षण गोठ्यात उतरलं का? आखणीपासून मोजणीपर्यंत

दूध संघ असो, बचत गटांचा प्रभागसंघ असो की एखाद्या कंपनीचा विक्री विभाग, 'यंदा प्रशिक्षण मोबाईलवरच देऊन टाकू' हे वाक्य हल्ली बैठकीत चहा यायच्या आत येतं. हॉल नको, जेवण नको, प्रवासभत्ता नको. मग महिन्याभराने अहवाल येतो की अमुक इतक्या जणांनी व्हिडिओ पाहिला. आकडा खरा असतो, फक्त तो कुणी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नसतो. ज्या कामासाठी शिकवलं ते काम आता वेगळ्या पद्धतीने होतंय का, हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर व्हॉट्सअॅपवर सापडत नाही.

म्हणून या लेखात नेहमीचा क्रम उलटा धरलाय. आधी काय मोजायचं ते ठरवू आणि धडा त्यानंतर बनवू. उदाहरण दूध उत्पादकांचं घेतो, कारण विस्ताराचं, म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत नवी पद्धत पोचवायचं, काम करताना मला तेच जवळचं: गायी-म्हशींचा कासदाह, म्हणजे जंतूंमुळे कासेला होणारा आजार, टाळणं. आशाताई, ड्रायव्हर, दुकानातले सेल्समन अशा कुणालाही शिकवायचं असलं तरी पायऱ्या याच राहतील.

फोनवरून शिकवलेलं मुळात चालतं का?

चालतं, पण अटी आहेत. बीबीसी मीडिया अॅक्शनने २०१२ मध्ये बिहारच्या आशा कार्यकर्तींसाठी 'मोबाईल अकादमी' हा कोर्स सुरू केला. त्यात ना व्हिडिओ, ना इंटरनेट. साध्या बटणाच्या फोनवरून नंबर लावायचा आणि डॉ. अनिता या काल्पनिक डॉक्टरीणबाईंचा आवाज ऐकायचा. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तो राष्ट्रीय पातळीवर आणला तेव्हा त्यात ११ प्रकरणं होती, प्रत्येकात ४ धडे, शेवटी प्रश्न, मिळून २४० मिनिटं. फोन मध्येच कट झाला तर पुढच्या वेळी जिथे थांबलात तिथूनच सुरू. ही शेवटची सोय वाचताना किरकोळ वाटते, पण ज्या बाईला एका वेळी सात-आठ मिनिटंच उसंत मिळते तिच्यासाठी कोर्स पुरा होणं किंवा न होणं यावरच ठरतं.

दुसरं उदाहरण डिजिटल ग्रीनचं. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या भारतातल्या प्रयोगशाळेत २००६ साली सुरू झालेल्या या कामात गावातल्याच शेतकऱ्यांचे व्हिडिओ काढून गावातल्याच गटाला दाखवले जायचे आणि दाखवणारी व्यक्ती मध्ये मध्ये व्हिडिओ थांबवून प्रश्न विचारायची. कर्नाटकातल्या १६ गावांत १३ महिने चाललेल्या चाचणीत, दर रुपयामागे मिळणारा परिणाम नेहमीच्या विस्तार पद्धतीच्या दहापट निघाला. पडदा गटाचा होता, प्रत्येकाच्या हातातला नव्हता, हे विसरायचं नाही. 'व्हिडिओने दहापट फरक पडतो' असं सांगणारे लोक नेमका तो थांबवून विचारणारा माणूस गाळून टाकतात.

तिसरं उदाहरण उलट्या बाजूचं. हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन कोर्सना २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी जेमतेम ३.१३ टक्क्यांनी कोर्स पुरा केला. पैसे भरून प्रमाणपत्रासाठी नोंदणी केलेल्यांत मात्र ते प्रमाण ४६ टक्के होतं. जगातले नावाजलेले प्राध्यापक, फुकट शिक्षण, तरी लोक अर्ध्यावर सोडतात. तेव्हा आपल्या ग्रुपवर सगळे बघतील हा भरवसा कशाच्या जोरावर?

पायरी १ : विषय नको, एक कृती निवडा

'स्वच्छ दूध उत्पादन' हा विषय झाला. तो शिकवता येतो, मोजता येत नाही. त्यातून एकच कृती उचला, अशी की गोठ्यात उभं राहून 'केली' किंवा 'नाही केली' असं सांगता आलं पाहिजे.

आपण ही घेऊ: धार काढून झाली की लगेच चारही सडं जंतुनाशकात बुडवायची आणि पुढचा अर्धा तास जनावराला खाली बसू द्यायचं नाही. धार काढल्यावर सडाचं तोंड साधारण अर्धा-पाऊण तास सैल राहतं. तेवढ्यात गाय शेणा-मुतात बसली की जंतू सरळ कासेत जातात. पुढे सूज, गाठी, दुधात रक्त. त्याहून वाईट म्हणजे सुप्त कासदाह, ज्यात वरून काहीच दिसत नाही आणि दूध मात्र गुपचूप घटत जातं.

ही कृती मोबाईलच्या धड्याला योग्य आहे, कारण ती छोटी आहे, रोज दोनदा घडते, बघून करता येते आणि तिला महागडं साहित्य लागत नाही. याउलट पूर्ण मुठीने धार काढायची सवय, म्हणजे अंगठा मुडपून सड ओढणं सोडायचं, ही फोनवर शिकवायला अवघड. हाताला वळण लागायला शेजारी कुणीतरी बसून 'अहो, अंगठा बाहेर' असं टोकावं लागतं. कोणती गोष्ट फोनवर द्यायची आणि कोणती नाही, हे इथेच ठरवून टाकलं की अर्धा खर्च वाचतो.

पायरी २ : फोन कुणाचा आणि हात कुणाचे, ते शोधा

संस्थेच्या रजिस्टरला बहुतेक सभासद पुरुष. नंबर त्यांचे. बहुतेक गोठ्यांत धार काढणारे हात मात्र बाईचे. धडा रामभाऊंच्या फोनवर येतो, रामभाऊ फाट्यावर असतात, आणि सडं ज्यांनी बुडवायची त्या वहिनींना त्याचा पत्ताच नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, स्वतः वापरतात असा मोबाईल असलेल्या स्त्रिया देशभरात ५४ टक्के निघाल्या. म्हणजे जवळपास निम्म्या घरांत आपण चुकीच्या माणसाला शिकवत असण्याची शक्यता आहे.

संकलन केंद्रावर सकाळी रांग लागते तेव्हाच एका वहीत चार गोष्टी विचारून घ्या. घरी धार कोण काढतं? त्या व्यक्तीच्या हाताशी फोन कधी असतो? फोन बटणाचा की टचचा? मराठी वाचायला जमतं की ऐकलेलं बरं? रिचार्ज कोण मारतं हेही हळूच विचारा. महिन्याच्या शेवटी नेट बंद असलेल्या घरांची संख्या ऐकून संचालक मंडळ नेहमी चकित होतं.

टचचा फोन घरात आहे पण बाईच्या हाती नाही अशी घरं बरीच निघाली, तर आवाजी कॉलचा पर्याय ठेवा. मिस्ड कॉल द्यायचा, उलट कॉल येतो, धडा ऐकायचा. दोन मिनिटांचा धडा बटणाच्या फोनवरही पोचतो आणि पैसे ऐकणाऱ्याचे जात नाहीत.

पायरी ३ : सुरू करण्याआधी मोजा, आणि काही गावं थांबवून ठेवा

ही पायरी सगळे टाळतात. 'आधीच उशीर झालाय, मोजत काय बसता' असं वरून येतं. पण आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याला काहीच अर्थ नाही.

गावं दोन भागांत वाटा. पहिल्या भागाला कोर्स आत्ता, दुसऱ्याला सहा महिन्यांनी. कुणावर अन्याय नाही, सगळ्यांना मिळणारच आहे, फक्त चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवायचा. जवळची, पुढारलेली, चेअरमनची गावं आधी घेतली की तुलना तिथेच संपली.

तुलनेची गावं का लागतात? पावसाळ्यात गोठ्यात चिखल असतो, जनावर ओल्यात बसतं, कासदाह वाढतो. तुम्ही ऑगस्टमध्ये पाहणी केली, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोर्स दिला आणि डिसेंबरमध्ये पुन्हा पाहिलंत तर सुधारणा दिसणारच. ती व्हिडिओने झाली की कोरड्या जमिनीने? दुसऱ्या भागातली गावं नसतील तर हे सांगताच येत नाही. माझ्या मते मोबाईल प्रशिक्षणाच्या निम्म्याअधिक यशोगाथा अशाच ऋतुमानाच्या जोरावर उभ्या असतात.

मोजायचं काय? तीन गोष्टी पुरेत. एक, प्रत्येक भागातले ३०-४० गोठे चिठ्ठीने निवडून धारेच्या वेळी जाऊन बघा: सडं बुडवली का, जनावर उभं ठेवलं का. दोन, त्याच गोठ्यांत सीएमटी, म्हणजे कासदाह ओळखायची साधी चाचणी. चार कप्प्यांच्या दांडीवाल्या ट्रेमध्ये चारही सडांचं थोडंथोडं दूध घ्यायचं, तेवढंच द्रावण टाकायचं आणि ट्रे गोल फिरवायचा. दूध जेलीसारखं घट्ट झालं तर त्या सडात गडबड आहे. तीन, संस्थेच्या दुकानातलं सडं बुडवायच्या औषधाचं विक्री रजिस्टर.

तिसरं मोजमाप माझं सगळ्यात आवडतं. आपण गोठ्यात उभे असलो की लोक चांगलं वागतात, पाहुण्यासमोर कोण आळस करील? पण बाटली संपली म्हणून स्वतःच्या पैशाने दुसरी नेणारा माणूस आपल्याला खूश करायला ती नेत नाही.

पायरी ४ : धडा बनवा, नव्वद सेकंदांचा

एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या व्हिडिओंची सुमारे ६९ लाख सत्रं तपासून २०१४ मध्ये मांडलेला निष्कर्ष असा, की व्हिडिओ कितीही लांब असला तरी लोक साधारण सहा मिनिटांपलीकडे टिकत नाहीत. तेही लॅपटॉपसमोर बसलेले विद्यार्थी. गोठा-चूल-शेत यातून वेळ काढणाऱ्या माणसासाठी मी दीड मिनिटाची मर्यादा धरतो.

आपल्या कृतीचा व्हिडिओ असा असेल. पहिलं दृश्य: धार झालीय, बादली उचलली, गाय मागचे पाय मुडपून ओल्या जागेवर बसतेय. आवाज येतो, "थांबा. सडाची तोंडं अजून उघडी आहेत." दुसरं दृश्य अगदी जवळून: कपात औषध, एकेक सड पूर्ण बुडतंय, चारही. तिसरं: गव्हाणीत वैरण पडते आणि गाय खात उभी राहते. जनावर अर्धा तास उभं ठेवायचं म्हणजे काठी घेऊन राखण करायची नसते, धारेनंतर वैरण टाकली की काम होतं. शेवटी एक प्रश्न, त्याचं उत्तर पुढच्या धड्यात.

संघाचं बोधचिन्ह, अध्यक्षांचा नमस्कार, मागे सनई, हे सगळं कापा. त्या पंधरा सेकंदांत बघणारा पुढे सरकलेला असतो. चित्रीकरण उभ्या फ्रेममध्ये, खऱ्या गोठ्यात, त्याच तालुक्यातल्या माणसाकडून. मुरघास आणि रबरी मॅटवाला मुक्त गोठा दाखवला की दोन म्हशीवाला म्हणतो, 'हे मोठ्यांचं काम, आपलं नव्हं.' फाइल १० एमबीच्या आत ठेवा. आवाज कॉलर माइकवर घ्या. चित्र थोडं खराब चालतं, पण आवाज खराब असलेला व्हिडिओ कुणी बघत नाही. औषधाचं प्रमाण सांगताना आपल्या पशुवैद्यकाने ठरवलेलं एकच प्रमाण सांगा आणि ते घरातल्या मापाने, बाटलीच्या झाकणाने दाखवा.

बनवलेला कच्चा व्हिडिओ वाटण्याआधी पाच-सहा घरी दाखवा. 'आवडला का?' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'आता काय करायचं ते करून दाखवा' म्हणा. एका गोठ्यात असा व्हिडिओ दाखवल्यावर काकू उठल्या, कप घेतला आणि धारेआधी सडं बुडवायला लागल्या. व्हिडिओत 'धारेनंतर' हे तीनदा सांगितलं होतं. पण सुरुवातीला साहित्याची ओळख म्हणून औषधाचा कप आला होता आणि बादली त्याच्यामागून. काकूंनी ऐकलेलं सोडून बघितलेलं धरलं. साहित्याची ती ओळख काढून टाकल्यावर गोंधळ मिटला. कुठल्याही तज्ज्ञ समितीला ही चूक सापडली नसती, कारण समिती ऐकते.

पायरी ५ : लोकांच्या फोनवर जे आहे त्यातूनच पाठवा

नवीन अॅप काढायचा मोह आवरा. महाराष्ट्रात २०२१ मध्ये अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले, ते उगाच नव्हे. मेमरी अपुरी, फोन तापायचे, आणि नोंदी भरायचं पोषण ट्रॅकर हे अॅप इंग्रजीत. ज्याच्या फोनमध्ये नातवाचे फोटो ठेवायला जागा नाही तो तुमचं अॅप ठेवणार नाही.

व्हॉट्सअॅप बरं, पण साधा ग्रुप नको. ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो आणि रात्री-अपरात्री नको ते फोन सुरू होतात. एकदा असं झालं की घरचे तिला ग्रुपमधून काढतात, मग परत आणणं कठीण. व्हॉट्सअॅपच्याच 'कम्युनिटी' या सोयीतल्या घोषणा विभागात सभासदांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. ब्रॉडकास्ट यादीतही दिसत नाहीत, पण तिथे एका यादीत २५६ जणांचीच मर्यादा असते आणि समोरच्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला लागतो, नाहीतर निरोप पोचतच नाही. हे माहीत नसल्याने कितीतरी धडे हवेत जातात.

वेळ म्हणाल तर धारेच्या वेळा सोडून. दुपारी दीड ते तीन किंवा रात्री जेवणं उरकल्यावर. आठवड्याला दोन धडे खूप झाले.

पायरी ६ : सांगण्यापेक्षा विचारा जास्त

हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला तोच उतारा चार वेळा वाचायला दिला, दुसऱ्याला एकदा वाचायला देऊन तीन वेळा आठवून लिहायला लावलं. आठवड्याने पहिल्या गटाला ४० टक्के आठवत होतं, दुसऱ्याला ६१ टक्के. गंमत म्हणजे पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारेच पुढे होते. कोर्स संपताच घेतलेली चाचणी का फसवते, ते इथे कळतं.

म्हणून तोच व्हिडिओ पुन्हा पाठवण्याऐवजी तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि महिन्याने एक प्रश्न पाठवा. प्रश्न गोठ्यातला हवा. 'कासदाह म्हणजे काय?' हा शाळेतला प्रश्न झाला. असा विचारा: "सखूबाईंनी धार काढली, सडं बुडवली आणि दूध घालायला डेअरीत गेल्या. गव्हाण रिकामी होती. काय राहिलं?" उत्तर आवाजी निरोपातून मागवा. टाइप करायला कंटाळणारे लोक बोलायला कंटाळत नाहीत, आणि बोलताना त्यांना खरोखर काय समजलंय तेही बाहेर पडतं.

पायरी ७ : प्रत्येक गावात एक माणूस ठेवा

पशुसखी (जनावरांच्या काळजीचं प्रशिक्षण घेतलेली गावातली बाई), संस्थेचा सचिव, एखादी हुशार सून, कुणीही चालेल. तिचं काम शिकवणं नाही. रांगेत उभ्या असलेल्यांना 'कालचा व्हिडिओ बघितला का? काय सांगितलं त्यात?' एवढं विचारायचं, ज्यांच्याकडे टचचा फोन नाही त्यांना आपल्या फोनवर दाखवायचा आणि औषधाची बाटली दुकानात संपू द्यायची नाही. शेवटचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. धडा उत्तम, लोक तयार, आणि दुकानात औषधच नाही, असं झालं तर तुम्ही लोकांना पुढच्या धड्यावर विश्वास न ठेवायला शिकवलंत. तिला मानधन द्या. बिनपैशाचं काम दोन महिने चालतं.

पायरी ८ : पुन्हा मोजा आणि खर्च मांडा

कोर्स संपल्यावर सहा आठवडे थांबा, मग तीच पाहणी दोन्ही भागांत करा. शक्य असेल तर सहा महिन्यांनी आणखी एकदा. पाहणीला जाणारा माणूस कोर्स राबवणाऱ्यांपैकी नसावा. कृषी किंवा पशुवैद्यक पदविकेची मुलं हे काम छान करतात.

हिशेब असा मांडा. समजा, पहिल्या भागात ४०० गोठे आहेत आणि एकूण खर्च ८०,००० रुपये झाला. सुरुवातीला दोन्ही भागांत शंभरातले १५ गोठे सडं बुडवत होते. नंतर कोर्सच्या गावांत ४५ झाले, थांबवलेल्या गावांत २०. म्हणजे शंभरात पाच गोठे कोर्सशिवायच सुधारले, तेव्हा कोर्सच्या खात्यावर तीस नव्हे, पंचवीस. ४०० गोठ्यांत १०० गोठे खऱ्या अर्थाने बदलले, प्रत्येकी ८०० रुपये. हाच खर्च 'व्हिडिओ पाहिलेल्या ३५० जणांवर' वाटला तर माणशी २३० रुपयांच्या आत येतो आणि अहवालात फार देखणा दिसतो. मंडळापुढे ८०० चाच आकडा ठेवा. कासदाहावर एका जनावराचा औषधोपचार आणि बुडालेलं दूध धरलं तर तो कुणाला जड वाटणार नाही, आणि कुणी उलटतपासणी केली तरी तो टिकतो.

फरक दिसला नाही तर कुठे गळती झाली ते क्रमाने बघा. पोचलं का, पाहिलं का, समजलं का, करून बघितलं का, टिकलं का. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण चार पातळ्यांवर मोजायला सांगितलं: आवडलं का, शिकले का, वागणं बदललं का, फळ मिळालं का. आपल्याकडे बहुतेक मोजण्या पहिल्या पातळीवरच थांबतात. पाहिलं पण केलं नाही, असं असेल तर नवा व्हिडिओ बनवू नका. औषधाची किंमत, कपाची उपलब्धता, सासूबाईंचं मत, असलं काहीतरी आड येत असतं आणि ते विचारल्याशिवाय कळत नाही.

पुढचे धडे तारखेवरून पाठवा

एवढं जमलं की मग फोनची खरी ताकद वापरता येते, ती म्हणजे ज्याला ज्या दिवशी गरज आहे त्याला त्या दिवशी धडा. कासेला नव्याने लागण होण्याचा धोका जनावर आटवल्यानंतरच्या, म्हणजे विण्याआधी धार काढणं बंद केल्यानंतरच्या, पहिल्या दिवसांत आणि विण्याच्या सुमारास जास्त. त्या वेळी गोठ्यात कुणी येऊन शिकवत नाही.

संस्थेकडे कृत्रिम रेतनाचं रजिस्टर असतंच. गाय साधारण २८० दिवसांनी विते, म्हैस ३१० दिवसांनी, आणि विण्याआधी दोन महिने आटवायची. म्हणजे गाभण असल्याची खात्री झालेल्या गायीच्या मालकाला रेतनाच्या तारखेपासून २१०व्या दिवशी आणि म्हशीच्या मालकाला २४०व्या दिवशी 'आटवताना कासेची काळजी' हा धडा जायला हवा. दहा दिवस आधी, म्हणजे डॉक्टरांकडून सडात सोडायचं औषध आणून ठेवायला वेळ मिळतो. विण्याच्या आठवडाभर आधी दुसरा धडा. याला सॉफ्टवेअर लागत नाही. एक्सेलच्या एका रकान्यात तारीख, शेजारच्यात २१० किंवा २४० मिळवलेली तारीख, आणि रोज सकाळी त्या दिवसाची नावं गाळून घेऊन ज्या व्यक्तीचे हात धार काढतात तिच्या नंबरवर निरोप. नंबर पायरी २ मधल्या वहीतला घ्या, रजिस्टरमधला नको.